खुणेवर खूण

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर बायकोला सांगायला नको. चाळीस वर्षं मी स्क्रीन छापतोय. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवायची, जाळीवर चित्र उतरवायचं आणि रबराच्या पट्टीनं शाई ओढून खाली कागदावर पाडायची, एवढंच ते काम. एका रंगाला एक जाळी. पाच रंग असले तर पाच जाळ्या, आणि प्रत्येक रंग आपापल्या जागी, रेघेच्या आत बसायला हवा. त्याला आम्ही रजिस्टर लागणं म्हणतो. रजिस्टर हललं की डोळ्यातला निळा कपाळावर जातो आणि छपाईवाल्याची अब्रू रस्त्यावर येते. माझ्या हातून तसा एक कागद बाहेर गेला असेल तर आणून दाखवा.

बूटपॉलिशच्या डब्या, शाम्पूच्या बाटल्या, टॉर्चचे सेल, फरशी पुसायचं औषध, यांची लेबलं माझ्याच टेबलावरून गेलेली आहेत. यात मोठेपणा कसला, असं एकदा आमच्या साडूंनी विचारलं होतं. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. बायको दोन दिवस बोलत नव्हती.

माझी एकुलती एक मुलगी याच खोलीत शाईच्या वासात वाढली. शाळेतून आली की दप्तर फेकायची, माझं भिंग उचलायची आणि बूटपॉलिशच्या डबीवरच्या बाईच्या गालाला लावून बसायची. "बाबा, हिला गालच नाहीयेत! नुसते ठिपके आहेत!" सात वर्षांची होती. येईल त्या गिऱ्हाइकाला भिंग घेऊन आडवी जायची आणि ठिपके दाखवायची. तेव्हापासून तिचं नाव ठिपकी पडलं ते पडलंच.

पुढं ती चित्रकला शिकायला गेली आणि परत आली ती डोक्यात खूळ घेऊन. पॉप आर्ट म्हणे. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय डोंबल?" तर म्हणाली, "तुम्ही जन्मभर करताय तेच, बाबा. फक्त मोठं." डबे, बाटल्या, जाहिराती, चित्रकथांमधल्या रडणाऱ्या बायका, जे रोज समोर असतं म्हणून आपण बघायचं सोडून देतो, ते उचलायचं आणि भिंतीएवढं करायचं. सपाट भडक रंग, जाड काळी रेघ, आणि सावलीच्या जागी ठिपके. तेही एकदा करून थांबायचं नाही. तेच चित्र वीसदा, तीसदा, ओळीनं, दुकानाच्या फळीवर माल मांडतात तसं.

पहिल्या प्रदर्शनात तिनं माझीच फरशीच्या औषधाची बाटली माणसाच्या उंचीची करून चोवीस वेळा टांगली. लोक हातात पेले घेऊन समोर उभे! मी बायकोला म्हटलं, "अगं, ही बाटली मी लाखांनी छापली, तेव्हा एक माणूस थांबला नाही." ती म्हणाली, "हळू बोला." मी कुठला हळू बोलतोय! खिशातून भिंग काढलं, एकेक बाटली तपासत निघालो आणि सतराव्या बाटलीपाशी ओरडलो, "ठिपके, इथं पिवळा अर्धा मिलिमीटर हललाय!" अख्खा हॉल वळून बघायला लागला.

दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ही शांतपणे आली, भिंग लावून बघितलं, "हो की," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ती बाटली उतरवून नवी छापून लावली. त्या बाबतीत आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. रंग रेघेबाहेर गेलेला तिलाही खपायचा नाही. म्हणायची, "कारखान्यातून निघाल्यासारखं दिसलं पाहिजे, बाबा. माणसाचा हात लागलाय असं वाटायला नको." त्या दिवसापासून दहा वर्षं तिची सगळी चित्रं माझ्याच टेबलावर छापली. एकमेकांची अक्कल काढत छापली, पण छापली. तिचा एक नियम होता. ठरलेल्या प्रती झाल्या की जाळ्या लगेच धुवायच्या. औषध लावायचं, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, की जाळीवरचं चित्र वाहून जातं आणि जाळी कोरी होते. मग पुढं कोणाला जास्तीची प्रत काढता येत नाही. मलाही ते पटायचं, कारण शाई वाळली की जाळी कामातून जाते.

चौतिसाव्या वर्षी तिला ते निघालं. डोक्यात, उजव्या बाजूला. त्या आजाराचं नाव मी घेत नाही, आजही घेणार नाही. आधी डावा हात जड पडायला लागला, आणि ठिपकी डावखुरी. मग चेहऱ्याची डावी बाजू उतरायला लागली. मध्येच एकाचे दोन दिसायचे. कप उचलायला जायची आणि शेजारच्या हवेत हात घालायची, वर स्वतःच हसायची. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. ती ते मला सांगायला आली तर मी म्हटलं, "मला काहीएक सांगू नकोस. बरी होणार आहे ती." आणि शाई घोटत बसलो.

आजारातच तिनं नवं काम काढलं. स्वतःचा चेहरा. जुन्या फोटोवरून, धडधाकट होती तेव्हाच्या. मागं पिवळा, चेहरा गुलाबी, ओठ लाल, केस निळे, आणि वर काळी रेघ. बारा कागद, ओळीनं लावायचे. जी बाई आपल्या गॅलरीत तिची चित्रं लावायची तिनं तारीखसुद्धा दिली. एरवी आम्ही चित्राची फिल्म काढून तिच्यावरून जाळी बनवतो. फिल्म हाताशी असली की जाळी केव्हाही पुन्हा बनते. या वेळी ठिपकी म्हणाली, "फिल्म नको. जाळीवरच हातानं काढते." तीन महिने ती खिडकीपाशी बसून ब्रशनं गालांवरचा एकेक ठिपका काढत होती. हात थरथरला की उजव्या हातानं डावं मनगट धरायची, थोडी थांबायची, पुन्हा सुरू करायची. मी म्हटलं, "अगं बाई, दहा मिनिटांत फिल्म काढून देतो." तर म्हणाली, "या वेळी हात लागलेला दिसू दे, बाबा." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच थांबून विचारायला हवं होतं मी.

जाळ्या झाल्या, कागद कापून झाले, आणि हातानं दगा दिला. पट्टी ओढायला दोन्ही हात लागतात, वर अंगाचा भार लागतो. तिला चमचा धरवेना. त्यात आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी ती आईच्या खांद्यावर हात टाकून छापखान्यात आली आणि माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही छापा."

"मग दुसरा कोण छापणार होता?"

"प्रत्येक कागदाच्या कडेला मी पेन्सिलीनं पाच फुल्या काढल्यात, पाच रंगांच्या. जाळीवर त्या त्या रंगाची फुली आहेच. खुणेवर खूण ठेवायची आणि पट्टी ओढायची. चेहरा बघत बसायचं नाही."

"मला शिकवतेस होय गं?"

"हो. आणि असं का करायचं, तेही सांगते. ऐका."

तिनं 'ऐका' म्हटलं. मला वाटलं, ही आता ते बोलणार. जाण्याचं. मग मी माझ्या सवयीप्रमाणं खेकसलो. "आता काही सांगायचं नाही. बरी होऊन ये, मग बसून सांग काय ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. "पण खुणेवर खूण."

"निघा आता, गाडी थांबलीय," मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसलं, कागद मांडले. तिनं कोपऱ्यात एक ते बारा आकडे घातले होते. पहिल्या कागदावर पाचही फुल्या एकमेकींवर अशा बसलेल्या की एकच वाटावी. दुसऱ्यावर लाल फुली किंचित खाली. तिसऱ्यावर लालच्या मागोमाग गुलाबी. पाचव्यावर चार-चार मिलिमीटरचा फरक. आठव्यावर निळी भलतीकडेच. आणि बाराव्या कागदावर पाच फुल्या पाच दिशांना पांगलेल्या. त्या खुणांवर छापलं असतं तर ओठ हनुवटीवर आले असते.

मी स्टुलावर बसलो. मला सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. खिडकीत बसलेली माझी पोर, पहिला कागद नीट झाला, मग हात थकला, मग एकाचे दोन दिसायला लागले, आणि तिला कळतही नाही की फुली कुठं पडतेय. कागदामागून कागद ती वाहवत गेली, आणि मनात समजत राहिली की बरोबर चाललंय. मी ढसाढसा रडलो. बाप मेला तेव्हा मी इतका रडलो नव्हतो.

बायको कपडे न्यायला आली होती, ती दारातच थांबली. "अहो, काय झालं?"

मी तिला कागद दाखवले. "बघ. पोरीची नजर कुठवर गेलीय ती बघ."

तिनं बारा कागद बघितले. "तिला विचारा ना. फोन लावून देऊ का?"

"काय विचारू? तुला दिसत नाही का, असं विचारू? आधीच काय थोडं आहे तिच्यामागं?"

"पण ती म्हणाली होती, खुणेवर..."

"तुला रजिस्टरमधलं काय कळतं?" मी ओरडलो. "लोक हसावेत का तिला? त्या बाटलीनंतर तिच्या चित्रात एकदा तरी रंग हललाय का?"

बायकोनं कपडे पिशवीत भरले. पिशवी घेऊन निघताना म्हणाली, "तुम्हाला पटेल ते करा. तसंही दुसरं काय करता तुम्ही?" आणि गेली.

मी खोडरबर घेतलं आणि साठच्या साठ फुल्या खोडल्या. कागदाला चरा पडू न देता, हलक्या हातानं, भुसा फुंकत. ठिपकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. मग टेबलावर कागद अडवायच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कामाला लागलो. पहिल्या दिवशी पिवळा. दुसऱ्या दिवशी गुलाबी, तो मी तीनदा घोटला, कारण तिचा रंग आधीच्या दोन्हींत येत नव्हता. लालच्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. ओठांचे दोन्ही कोपरे जागेवर बसायला हवे होते. बसले. बारा वेळा पट्टी ओढली आणि बारा वेळा माझी मुलगी सरळ हसली. काळी रेघ शेवटी टाकली, भिंग लावून बारा चेहरे तपासले. चाळीस वर्षांत असं रजिस्टर माझ्या हातून लागलं नव्हतं. मग तिचाच नियम म्हणून पाचही जाळ्या औषध लावून धुतल्या. तिचा एक शब्द मी तंतोतंत पाळला, तो हा.

आठ दिवसांनी ती आली. मी भिंतीवर दोरी बांधून, चिमटे लावून बारा कागद टांगून ठेवले होते. झाडलोट केली होती. दाढीसुद्धा केली होती. बायकोनं तिला खुर्चीत बसवलं आणि मी ती खुर्ची हातगाडीसारखी सरकवत भिंतीपुढं आणली. "बघ," म्हटलं.

तिनं पहिला बघितला. दुसरा बघितला. नजर शेवटपर्यंत नेली आणि पुन्हा पहिल्यावर आणली. मी वाट बघत होतो की आता शाबासकी मिळतेय.

"बाबा, फुल्या?"

"त्या जरा सरकल्या होत्या, बाळा," मी जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं. "तुझा दोष नाही त्यात. एकाचे दोन दिसतात तुला. मी आणलंय सगळं जागेवर. भिंग देऊ?"

"सरकल्या नव्हत्या. मी सरकवल्या होत्या." तिचं बोलणं आता थोडं जड झालं होतं, पण शब्द न् शब्द कळत होता. "एक डोळा मिटला की मला दोन दिसत नाहीत. एक डोळा मिटून, मोजपट्टीनं मोजून काढल्या. दिवसाला पाच व्हायच्या."

मला काही उमजेना. मी नुसता विचारत राहिलो, "पण का? का?"

"पहिल्या कागदावर मी आहे. मग ओठ उतरतात. गाल सुटतो. एकेक रंग रेघ सोडून जातो. बाराव्यात रंग सगळे बाहेर आणि रेघ रिकामी. माल कसा, फळीवर बारा डबे ठेवले तर बारा एकसारखे. माणूस तसा राहत नाही, एवढंच दाखवायचं होतं. तेच सांगत होते त्या दिवशी."

"पुन्हा छापू," मी म्हटलं. "आजच बसतो. नवे कागद काढतो, तू फुल्या सांग."

"जाळ्या कुठंयत?"

तिनंच मान वळवली. मोरीपाशी पाच चौकटी भिंतीला टेकून वाळत ठेवल्या होत्या, स्वच्छ, आरपार उजेड येत होता.

"तूच म्हणायचीस धुवा म्हणून," मी म्हटलं.

"हो. मीच म्हणायचे."

आणि ती रडायला लागली. तीन महिने मनगट धरून काढलेले ठिपके मी फवाऱ्यानं मोरीत घालवले होते, आणि ते पुन्हा काढायला तिच्याकडे ना हात होता, ना दिवस. हे मला त्या घडीला कळलं. कळलं म्हणून मी पाय धरायला हवे होते. पण मी माझ्या स्वभावावर गेलो.

"मग काय करायला हवं होतं मी?" मी ओरडलो. "बाप आहे मी तुझा! तुझं तोंड वाकडं छापू? या हातांनी?"

"ते वाकडं आहे, बाबा."

"नाही!"

"तुम्ही बघितलंच नाहीत. सात महिने झाले, तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसता. जेवायला उजवीकडे, गाडीत उजवीकडे, हॉस्पिटलमध्ये पलंगाला वळसा घालून उजवीकडे. आईला विचारा."

मी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. ते खरं होतं आणि मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

"बाराच्या बारा वेळा तुम्ही मला बरी करून ठेवलंत," ठिपकी म्हणाली. "आता मी आजारी होते हे कोणाला कळणार? ही चित्रं माझी नाहीत. मी सही नाही करणार."

बायकोनं तिचे डोळे पुसले, नाक पुसलं. मग ठिपकीनंच उजवा हात उचलून बोटानं खूण केली. "इकडे या. या बाजूला स्टूल घ्या. चष्मा लावा."

मी डाव्या बाजूला जाऊन बसलो.

"आता बघा. आणि काय हललंय ते सांगा. बाबांसारखं नको, छपाईवाल्यासारखं सांगा."

मी बघितलं. माझ्या पोरीचा चेहरा मी सात महिन्यांत पहिल्यांदा बघितला. ओठाचा कोपरा खाली आलेला, तिथं थोडी लाळ. गालावरची घडी पुसली गेलेली. खालची पापणी सुटलेली, आतला लाल काठ दिसत होता. मला वाटलं, उठावं आणि पळून जावं.

"सांगा ना."

"ओठ," मी म्हटलं. "ओठ डावीकडे सहा मिलिमीटर खाली."

"अजून?"

"गाल चार. पापणी... पापणी दोन."

"बरोबर," ती म्हणाली. इतके दिवस तिच्या मनावर असलेलं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखी खुर्चीत मागं टेकली. "पहिल्या कागदाखाली लिहा हे. पेन्सिलीनं. तारीख घाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याखाली."

गॅलरीवाली बाई आली तेव्हा ठिपकीनं तिला सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, माझ्यादेखत. बाईनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. प्रदर्शनाची तारीख तीन महिने पुढं ढकलते म्हणाली.

मग दर आठवड्याला, सकाळचा उजेड खिडकीतून नीट आला की मी डाव्या बाजूला बसायचो. मोजपट्टी घ्यायचो, हलक्या हातानं गालाला टेकवायचो, मोजायचो, लिहायचो. ओठ सात, गाल पाच, पापणी दोन. ओठ सात, गाल सहा, पापणी तीन. पाचव्या आठवड्यात मी नऊचे आठ लिहिले. मी काय लिहितोय ते तिला दिसत नव्हतं, पण पेन्सिल जरा लवकर थांबली, तेवढ्यावरून तिनं ओळखलं. "बाबा, ढापाढापी नको." मी खोडून नऊ केले. सहाव्या आठवड्यानंतर ती फार बोलायची नाही. माझी पट्टी गालाला लागली की उजवा डोळा उघडायची आणि मी आकडा मोठ्यानं सांगेपर्यंत बघत राहायची. बायको एकदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्हाला इतका वेळ गप्प बसलेलं बघितलं नव्हतं." नवव्या कागदावर अकरा, आठ आणि चार लिहिले, त्या दिवशी ठिपकीनं उजव्या हातात पेन्सिल मागितली. मी बाराही कागद एकेक करून तिच्यापुढं धरले आणि प्रत्येकावर तिनं सही केली. वाचता येण्यासारखी एकही नाही. माझ्या आयुष्यात मला दुसरं काही नको होतं.

दहाव्या आठवड्यात मोजायच्या दिवशी सकाळी बायकोनं हाक मारली. आवाजावरूनच मला समजलं. मी आलो, स्टूल ओढलं, डाव्या बाजूला बसलो. ठिपकीचा चेहरा सरळ झाला होता. इतके दिवस एकच बाजू उतरलेली, आता दुसरीही सैल पडली होती. ओठांचे दोन्ही कोपरे एका रेघेत. मी पट्टी लावून बघितली, मला राहवेना. बायको म्हणाली, "अहो, आज नका लिहू." पण खोटं लिहायचं नाही आणि लिहिल्यावाचून सोडायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी दहाव्या कागदाखाली तारीख घातली आणि लिहिलं: ओठ शून्य, गाल शून्य, पापणी शून्य.

प्रदर्शनाला मी रोज जाऊन बसतो. बारा चेहरे ओळीनं लावलेत. बारा एकसारखे, पिवळे, गुलाबी, लाल, कुठं केसाचा फरक नाही, आणि खाली माझ्या अक्षरातले आकडे. अकराव्या आणि बाराव्याखाली तिची सही आहे, आकडा नाही. लोक आधी चेहरे बघत झरझर पुढं जातात, मग कोणीतरी खाली वाकून वाचतं आणि पुन्हा पहिल्यापाशी येतं.

परवा एक बाई अशीच वाचत वाचत दहाव्यापाशी आली. हाताशी तिची मुलगी होती, पंधरा-सोळाची. शून्य वाचलं आणि बाईचा चेहरा एकदम खुलला. मी खुर्चीवर बसलेला, म्हणजे इथलाच कोणीतरी असणार, असं तिला वाटलं असावं. "काका," ती म्हणाली, "म्हणजे बऱ्या झाल्या ना या शेवटी?"

तोंडावर हो आलं होतं. इतक्या आनंदानं विचारत होती ती. मी उठून उभा राहिलो, भिंतीवरच्या ठिपकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जे मी बायकोजवळ, डॉक्टरांजवळ, गॅलरीवाल्या बाईजवळ, कोणाजवळही अजून बोललो नव्हतो ते म्हटलं.

"नाही हो," म्हटलं. "माझी मुलगी गेली."